रत्नाकर मिलसमोरचा डंका

आधीच सांगून टाकते, मी कोणालाही पहिल्या नंबरवर आणायची हमी देत नाही. आजवर दिली नाही आणि यापुढेही देणार नाही. गिरगावपासून लालबागपर्यंत किती दुकानांत स्टुलावर बसून मी हे ऐकवलं असेल, आणि ते ऐकून निम्म्या मालकांनी मला चहाही न विचारता वाटेला लावलं. जाऊ दे. उरलेल्यांच्या जोरावर माझं घर चाललं आणि रात्री झोपही लागली.

माझं काम म्हणजे छोट्या दुकानांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणणं. घरी हे कोणाला नीट कळलेलं नाही. माझी जाऊ पाहुण्यांना सांगते, ‘विद्या कॉम्प्युटरमध्ये असते.’ त्याआधी मी गिरगावातल्या एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका जुळवत होते. पत्रिका कमी झाल्या तेव्हा मालकांनी एक दिवस विचारलं, ‘विद्या, तुला वेबसाइट बनवता येते का?’ मी हो म्हटलं आणि मग शिकले. तेव्हापासून हेच करते.

हे काम समजायला कठीण नाही. समजा तुम्हाला नऊवारी शिवून हवी आहे. तुम्ही फोनवर तसं टाइप करता आणि यादी येते. ती यादी कुणी माणूस बसून बनवत नाही. एका यंत्राने जगभरची पानं आधीच वाचून ठेवलेली असतात आणि तुमच्या शब्दांना कोणतं पान सगळ्यात उपयोगी पडेल याचा ते अंदाज बांधतं. माझं काम एवढंच, की दुकान जे खरोखर करतं ते त्या यंत्राला स्वच्छ कळावं. नाव आणि पत्ता सगळीकडे एकसारखे हवेत. फोटो इतके जड नकोत की पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून निघून जाईल. आणि मुख्य म्हणजे, गिऱ्हाईक जे शब्द वापरतं तेच पानावर हवेत.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. दादरचे एक शिंपी होते. साइटवर त्यांनी ‘एथनिक ड्रेप्स’ असं लिहून घेतलं होतं. मी विचारलं, बायका दुकानात शिरल्यावर काय म्हणतात? ते म्हणाले, ‘शिवलेली नऊवारी आहे का, असं विचारतात.’ म्हटलं, मग तेच लिहूया. त्यांचा चेहरा पडला. ‘त्यात काय स्टँडर्ड राहिलं, मॅडम?’ गिरगावात कवळ्या बसवणारे एक डॉक्टर होते, ते रोज सकाळी स्वतःचीच साइट स्वतःच्याच फोनवर पन्नास वेळा उघडायचे. फोनला त्यांची आवड कळली, तो त्यांना त्यांचंच पान पहिलं दाखवू लागला. ते खूश. मी माझ्या फोनवर शोधून दाखवलं तर डॉक्टर चौथ्या पानावर. त्यांनी माझा फोन खालीवर करून पाहिला आणि तो बिघडलाय असं निदान केलं.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. सुरुवातीला मीही लबाडी केली आहे. परळच्या एका ट्रॉफीवाल्याच्या साइटवर मी पांढऱ्या जागेवर पांढऱ्या अक्षरांत ‘ट्रॉफी मुंबई, ट्रॉफी मुंबई’ असं खंडीभर लिहून ठेवलं होतं. माणसाला दिसत नाही, यंत्र मात्र वाचतं. दोन महिने ते वर राहिले आणि मग यंत्राने त्यांना यादीतूनच काढून टाकलं. ऐन शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या दिवसांत. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, नुसते ट्रॉफ्या पुसत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं. आजही त्या रस्त्याने जायचं झालं तर मी समोरच्या फुटपाथने जाते.

आता सुलभाताईंचं सांगते, कारण या धंद्यात मी कोणासाठी सगळ्यात जास्त चुकले आणि सगळ्यात जास्त भांडले असेन तर त्यांच्यासाठी.

सुलभाताईंचं लालबागला मसाला कांडप आहे. घरोघरच्या बायका मिरची-मसाला घेऊन येतात, तिथे तो भाजला जातो आणि डंक्यावर कुटून मिळतो. डंका म्हणजे लोखंडी मुसळं वर-खाली आपटणारं यंत्र. दळलेल्या आणि कुटलेल्या मसाल्यातला फरक जिभेला कळतो, निदान कोकणातल्या जिभेला तरी. नवरा गेल्यावर गेली तीस वर्षं त्या एकट्या तो डंका चालवतात. शिमग्यापासून मे अखेरपर्यंत हंगाम. वर्षाचा मसाला तेव्हाच होतो आणि सुलभाताईंचं वर्षही त्यावरच निघतं.

दुकान रत्नाकर मिलच्या गेटसमोर होतं. मिल बंद पडून जमाना झाला. तिथे आता एक टॉवर आहे, त्याचं नाव त्याच्या वॉचमनलाही नीट म्हणता येत नाही. मग समोरची सुलभाताईंची इमारतही पुनर्विकासाला गेली. रहिवासी भाड्याने विरार, कल्याण, पनवेलकडे पांगले आणि सुलभाताईंना मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये तात्पुरती जागा मिळाली. रस्त्यावरून ती दिसत नाही. पूर्वी बायका मिरची भाजल्याच्या वासावर यायच्या. आता पाडलेल्या इमारतीभोवतीचं पत्र्याचं कुंपण मध्ये आलं.

त्या वर्षीचा हंगाम निम्मा बुडाला. जुनी गिऱ्हाइकं यायची, पत्र्याच्या कुंपणापाशी दुकान शोधायची, तुटलेली इमारत बघून परत जायची. भिवंडीचा एक माणूस डंका विकत घ्यायला तयार होता. सुलभाताईंनी त्याला सांगितलं, ‘पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत थांब. पाडव्याला बायका आल्या तर डंका माझा, नाही आल्या तर तुझा.’ मग माझा नंबर कुठून तरी मिळवून मला बोलावलं. मी माझं हमीचं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘हमी कोणी मागितली गो? मी आहे एवढं लोकांना कळू दे. यायचं का नाही ते त्यांचं ते बघतील.’ इतकं स्पष्ट काम मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी साधी साइट केली आणि नकाशावर दुकानाची खूण टाकली. अशा दुकानाला नकाशावरची खूण साइटहूनही मोठी, कारण लोक पत्ता विचारत नाहीत, फोन नेईल तिकडे जातात. त्या खुणेखाली गिऱ्हाइकांनी चार बरे शब्द लिहिले आणि स्टार दिले, तर यंत्राचा विश्वास वाढतो. इथेच मी घोळ घातला.

इमारत पडली तरी रहिवाशांचं मंडळ पडलं नव्हतं. सव्वीस जानेवारीला सार्वजनिक सत्यनारायण असतो, तो पांगलेल्या लोकांनी मंडळाच्या ऑफिसपुढे मांडव घालून केलाच. मीही प्रसादाला गेले होते. सेक्रेटरी राणे यांनी मला माइकवर बोलायला लावलं आणि मी सहज म्हणून गेले, की सुलभाताईंच्या दुकानाबद्दल फोनवर कोणी दोन शब्द लिहिले तर त्यांना मदत होईल.

मी ‘कोणी’ म्हटलं होतं. राण्यांनी ते ‘सगळ्यांनी’ असं ऐकलं. माझ्या हातातून माइक घेऊन त्यांनी घोषणा केली, की तीर्थप्रसाद घेतल्यावर प्रत्येकाने ऑफिसच्या वायफायवर येऊन पाच स्टार द्यावेत, कोणीही स्टार दिल्याशिवाय जाऊ नये. लाइन लागली. ज्यांना टाइप करता येत नव्हतं त्यांना राण्यांची मुलगी करून देत होती आणि वेळ वाचावा म्हणून सगळ्यांचं एकच वाक्य लिहीत होती: ‘सुलभाताईंचा मसाला एक नंबर.’ मी हे बघत होते आणि मला ते थांबवायला हवं होतं. पण चेंबूरहून, बदलापूरहून आलेली माणसं इतक्या प्रेमाने फोन पुढे करत होती, की माझी जीभ रेटली नाही. सुलभाताई खुर्चीवर बसून डोळे पुसत होत्या.

चौथ्या दिवशी नकाशावरून दुकान गायब. कारण दिलं होतं, संशयास्पद हालचाल. यंत्राच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. एका संध्याकाळी, एका वायफायवरून, एकाच वाक्यात एवढे स्टार. त्यात परवान्यावर जुना पत्ता, खूण नव्या शेडवर. यंत्राने ठरवलं, हे दुकान खोटं आहे. पाडवा दोन महिन्यांवर आला होता.

अशा वेळी फोन येतोच. काचेच्या ऑफिसातून माझ्याच धंद्यातल्या एका एजन्सीचा तरुण बोलत होता, बोलायला अगदी नम्र. तो दुकानावर आला, पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यावर बसला आणि त्याने उपाय सांगितला. जुनी खूण विसरा. नवं इंग्रजी नाव घ्या. लालबाग लिहू नका, ‘अप्पर परळ’ लिहा, टॉवरमधले लोक तेच शोधतात. रत्नाकर मिलचं नाव साइटवरून काढा, ती मिल अस्तित्वातच नाही. आणि रिव्ह्यू त्यांच्याकडे विकत मिळतात. आठवड्याला चार-पाच असे हळूहळू सोडायचे, वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या भाषांत. यंत्राला शंका येत नाही.

मी हे सुलभाताईंना साध्या शब्दांत समजावून सांगितलं. ज्यांनी खाल्लाय त्यांनी एकदम चांगलं म्हटलं तर ते खोटं ठरतं, आणि ज्यांनी कधी तोंडात घातला नाही त्यांनी शिस्तीत चांगलं म्हटलं तर ते खरं धरलं जातं. त्यांनी ऐकून घेतलं. भाजलेल्या मिरच्यांनी भरलेलं सूप खाली ठेवलं.

‘म्हणजे खाणाऱ्याचं पुसायचं आणि न खाणाऱ्याचं लिहायचं? मग मिरची तरी कशाला कुटू, विटा कुटते. रंग तोच येतो.’

तरुण हसला. त्या हसल्या नाहीत. तो गेल्यावर मात्र माझ्या मनाला मोह पडला. नाव बदलायचं नाही, खोटे स्टार घ्यायचे नाहीत, हे सगळं खरं; पण सत्यनारायणाचे स्टार तेवढे लोकांनी आपणहून काढून टाकले, तर खूण लवकर परत मिळेल असा माझा हिशोब होता. सुलभाताईंना न सांगता मी तावडेकाकांकडे गेले. काका रत्नाकर मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते, वय ऐंशीच्या पुढे, आता मुलीकडे नायगावला राहतात. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही लिहिलेलं ते जरा काढाल का?

काकांनी चष्मा लावला, फोन उघडला, आपलं वाक्य स्वतःशी वाचलं.

‘यात खोटं काय आहे?’

‘काही नाही, काका.’

‘मग काढू कशाला?’

माझ्याकडे धंद्यातलं उत्तर होतं, पण त्या माणसाच्या तोंडावर ते देण्याची मला लाज वाटली. मी त्यांच्याकडे पोहे खाल्ले आणि परत आले. त्या दिवशी ठरवलं, एकही शब्द पुसायचा नाही. यंत्राला खरं काय ते सांगायचं, आणि त्याला पटेपर्यंत सांगत राहायचं.

मी अर्ज लिहिला. त्यात सत्यनारायण म्हणजे काय, पांगलेले रहिवासी एका जागी का जमतात, त्यांचं वायफाय एकच का असतं, वाक्य एकच का आहे, सगळं लिहिलं. चूक माझी आहे, दुकानाची नाही, हेही लिहिलं. उत्तर आलं, ते माझं पत्र कोणी वाचलं नाही हे सांगणारं. दुकान खरं असल्याचा पुरावा म्हणून एक सलग व्हिडिओ पाठवा: मुख्य रस्ता, आजूबाजूच्या खुणा, दुकानाची पाटी, शटर उघडताना मालक, आतलं यंत्र. मध्ये कुठेही तोडायचं नाही आणि पाच मिनिटांच्या वर जायचं नाही.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. मुख्य रस्त्यापासून शेडपर्यंत दोन मिनिटांची वाट आहे. सुलभाताई पुढे, मी फोन धरून मागे. फुलवाल्याने विचारलं, ताई, आज इकडून कुठे? ताई थांबल्या. पुढे कोणाच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं, तिथे थांबल्या. बँकेतून येणाऱ्या एका मावशींनी गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही हे त्यांना विचारलं. पाच मिनिटं संपली तेव्हा आम्ही अजून गल्लीच्या तोंडाशी होतो. मी घाईत तेवढाच पाठवला. नामंजूर.

दुसऱ्या वेळी मी बजावलं, कोणाशी बोलायचं नाही, कोणाकडे बघायचं नाही, सरळ चालायचं. सुलभाताई तशा चालल्या. तोंड घट्ट मिटून, नजर समोर. लालबागमध्ये सुलभाताई अशा चालल्या तर लोक काय समजणार? फुलवाला गल्ल्यावरून उठला. एक बाई पदर सावरत मागोमाग निघाली. व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं, कोणीतरी खालच्या आवाजात विचारतोय, ‘ताई, कोण गेलं?’ शेडपाशी पोचेपर्यंत मागे पाच-सहा माणसं झाली होती. सुलभाताईंनी शटर उघडलं, चप्पल बाहेर काढली, डंक्याला हात जोडले, बटण दाबलं. मुसळं आपटायला लागली तेव्हा मागच्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तोही त्यात आहे. मी तसाच पाठवला. यापेक्षा खरं दुकान मला दाखवता येणार नव्हतं.

उत्तराला वेळ लागणार होता. तोवर हात बांधून बसण्यात अर्थ नव्हता. खूण नसेल तर साइट तरी वर यायला हवी होती. मी सुलभाताईंना विचारलं, हंगामात बायका फोन करून काय विचारतात? त्या म्हणाल्या, ‘एकच. किलोभर मिरचीला काय काय किती घेऊ?’ मी फोनवर शोधून बघितलं, तर नीट उत्तर देणारं मराठी पान जवळपास नव्हतंच. म्हटलं, तुमच्याकडे एवढ्या घरांची मापं आहेत. दहा-बारा घरांची मापं पानावर टाकू.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कोणाच्या तरी कपाटाची चावी मागितली आहे. प्रत्येक घराचं माप वेगळं. कोणी बेडगी जास्त घेतं, कोणी लवंगी, कोणी दगडफूल दुप्पट. सासूकडून सुनेकडे आलेलं असतं, शेजारणीलाही सांगत नाहीत. सुलभाताईंना डंक्यावर ते सगळं कळतं आणि तिथेच राहतं. ‘ती मापं माझी नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी माझ्याकडे मसाला टाकला, माप नाही टाकलं.’ विषय संपला असं मला वाटलं. मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘माझ्या आयशीचं माप घे. ते माझं आहे. मी सांगते, तू लिही.’

आणि त्यांनी सांगितलं. मिरच्या कोणत्या, किती उन्हं द्यायची, देठ कधी खुडायचे, धणे केव्हा उतरवायचे, हळकुंड आधी फोडून का घ्यायचं. बायका शेजारणीलाही सांगत नाहीत असं आपल्या घरचं माप त्यांनी पोत्यावर बसून मला फुकट दिलं. मी त्यांच्याच शब्दांत पान लिहिलं. वर पत्ता लिहिला: लालबाग, रत्नाकर मिलच्या गेटसमोरची इमारत पाडली आहे, मागच्या गल्लीत या. एजन्सीवाल्या तरुणाने ते पाहून मला निरोप पाठवला, की मी एका बंद मिलच्या नावावर जागा वाया घालवते आहे. मी उत्तर दिलं, माझी जागा, मी बघते.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. चांगलं पान लिहिलं म्हणून उद्या ते वर येत नाही. यंत्र बघतं, लोक उघडतात का, थांबतात का, दुसऱ्यांना पाठवतात का. शिमग्याला आम्ही सर्चच्या यादीत पाचव्या पानावर होतो. पाचवं पान कोणी बघत नाही. पाडव्याला तिसऱ्यावर. पाडव्याच्या सकाळी सुलभाताईंनी डंक्याला हार घातला, आंब्याचा डहाळा लावला आणि दिवसभरात तीन बायका आल्या. संध्याकाळी भिवंडीवाल्याचा फोन आला. मी समोरच होते. मला वाटलं आता संपलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, कारण सगळ्याची सुरुवात माझ्या माइकवरच्या एका वाक्याने झाली होती.

सुलभाताई फोनवर म्हणाल्या, ‘तीन आल्या.’ पलीकडून तो काहीतरी म्हणाला. ‘मी म्हटलं होतं, बायका आल्या तर. किती ते नव्हतं म्हटलं. तीन बायकाच ना?’ आणि फोन ठेवला.

पुढच्या दोन आठवड्यांत आमचं पान यादीच्या पहिल्या पानावर गेलं. कोणा काकूने आपल्या भगिनी मंडळात ते पाठवलं, तिथून दुसरीकडे गेलं. बायका फोन हातात धरून यायला लागल्या, ‘आयशीचं माप’ असं नाव घेऊन. काही जणी टॉवरमधूनही आल्या. त्यांनाही लालबाग लिहिलेलं वाचता आलं. चैत्र संपता संपता नकाशावरची खूणही परत आली. कारण दिलं नाही, माफी तर दूरच. आणि सत्यनारायणाचे सगळे स्टार, सगळे शब्द नकाशावाल्यांनी पुसले होते. तावडेकाकांचंही. काकांना मी फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पुन्हा लिहितो. आणि त्यांनी लिहिलं, या वेळी चार ओळी, स्वतःच्या शब्दांत. ते अजून आहे.

हंगाम पूर्वीइतका झाला नाही. पण डंका लालबागमध्येच आहे, आणि भिवंडीवाल्याला कायमचं नाही सांगून झालं आहे.

मे महिन्यात एक मुलगी आली. तिशीची असेल. हातात पिशवी, पिशवीत मिरच्या आणि मसाल्याच्या पुड्या. मी त्या दिवशी दुकानाचे फोटो काढायला गेले होते. ती पनवेलहून आली होती. म्हणाली, आई गेल्याला दोन वर्षं झाली. आई मसाला इथेच करायची, पण मुलीला दुकानाचं नाव माहीत नव्हतं, फक्त ‘मिलसमोरची बाई’ एवढं माहीत होतं. एकदा येऊन गेली तर इमारतच नव्हती. आता परवा तिने फोनवर टाइप केलं, रत्नाकर मिलसमोर मसाला कुटणारी बाई. आणि आमचं पान आलं.

मी फोटो काढायचा फोन खाली घेतला. धंद्यात असे क्षण फार येत नाहीत.

तिने पर्समधून चिठ्ठी काढली. आईच्या अक्षरातलं माप. ती म्हणाली, या मापाने मी दोन वर्षं पनवेलला मसाला केला, एकदा गिरणीत, एकदा कांडपावर. मिरच्या त्याच, वजन तेच. पण चव आईची येत नाही. भाऊ म्हणतो, तुझ्या हातालाच चव नाही.

सुलभाताईंनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरून वाचली. आडनाव विचारलं, इमारत विचारली. मग त्यांना आठवलं. ही बाई एका खानावळीत पोळ्या लाटायला जायची. सकाळी मसाला टाकून जायची आणि संध्याकाळी न्यायची, थांबायला तिला वेळ नसायचा.

‘चिठ्ठी बरोबर आहे गो,’ सुलभाताई म्हणाल्या. ‘पण मी तसा मसाला कधी केलाच नाही.’

मुलीला कळेना.

‘तुझ्या आयशीने यात खसखस लिहिली नाही, बघ. लवंगही नाही. बापाची मिल गेली त्या वर्षी तिने दोन्ही बंद केलं. महाग पडायचं. ती कामावर गेली की मी माझ्यातली मूठभर टाकायचे. दरवर्षी. तिला सांगितलं असतं तर तिने नेलाच नसता. ती मला म्हणायची, सुलभाताई, तुमच्या डंक्याची चव वेगळीच.’

मुलीने चिठ्ठी परत घेऊन पुन्हा वाचली. सुलभाताईंनी मागच्या डब्यातून खसखस काढली, दुसऱ्या डब्यातून लवंगा. मूठ भरली आणि तिचा मसाला काढलेल्या परातीवर हात तसाच धरून विचारलं, ‘मग, टाकू?’

‘टाका,’ ती म्हणाली. ‘आईही बघायला नसायची. मी बाहेर जाऊन उभी राहते.’

ती गल्लीत गेली आणि दुकानाकडे पाठ करून उभी राहिली. मीही तिच्याबरोबर बाहेर गेले.